मळीतला रस

माझं काम रेडिओ दुर्बिणीवर आहे, असं म्हटलं की गावात पहिला प्रश्न ठरलेला, "मग त्यावर कोणतं स्टेशन लागतं?" आधी मी चिडायचे. आता सांगते, सगळ्यात जुनं.

अनेक देश मिळून आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात ही दुर्बीण उभारतायत. आकाशगंगा कशा वाढल्या, गुरुत्वाकर्षणाचा नियम कुठवर टिकतो, असं बरंच काही तिला तपासायचंय. पुण्यातल्या आमच्या गटाकडे आहे पहिल्या ताऱ्यांच्या काळातला हायड्रोजन. त्याचा अगदी क्षीण आवाज आपल्याच आकाशगंगेच्या गोंगाटाखाली दबलेला आहे. तो गोंगाट काढून टाकणारा प्रोग्राम मी लिहिते.

त्या हिवाळ्यात, चाचणीच्या डेटावर, माझा आलेख इतका स्वच्छ आला की मला माझाच हेवा वाटला. इतकी सफाई आजवर कुणाला जमली नव्हती. सोमवारी तो सगळ्या देशांच्या बैठकीत मांडायचा होता, आणि माझ्या वडिलांनी, आबांनी, ही बातमी आमच्या निम्म्या राहू गावाला सांगून टाकली होती.

शनिवारी सकाळी यवतला एसटीतून उतरले आणि थेट राहूला, आमच्या गुऱ्हाळावर गेले. गूळ करायला गुळव्या ठेवलेला असला तरी रसावरची मळी आबा स्वतःच काढतात. काहिलीत रस उकळत होता, त्यात भेंडीचं पाणी पडलं की घाण वर येते. आबा ती झाऱ्यानं काढून घमेल्यात ओतत होते. घमेलं भरलं तसं त्यांनी ते बाजूला निथळत ठेवलं.

"फेकायचीच आहे तर ठेवता कशाला?" मी म्हणाले. मला भूक लागली होती.

"फेकायच्या आधी बघाया नको, काय फेकतोय ते? मळीसंगं रस येतोच. झाऱ्याला काय कळतंय?" खाली जमलेला रस त्यांनी गाळून परत काहिलीत सोडला. बराच निघाला.

माझी भूक गेली. प्रोग्राम काय काढून टाकतो, हे मी कधी उघडून पाहिलंच नव्हतं. स्वच्छ आलेखावर खूश होते.

तिथंच बाजेवर लॅपटॉप उघडला. हायड्रोजनसारखा एक खोटा, क्षीण संकेत मीच डेटात मिसळला आणि प्रोग्राम चालवला. गुळाच्या ढेपा पडेपर्यंत उत्तर आलं. आलेख तसाच स्वच्छ होता. माझा संकेत टाकून दिलेल्या भागात सापडला, जवळजवळ सगळा.

मला रडू आलं आणि रागही आला. सोमवारी गप्प राहिले असते तर कदाचित वर्षभर कुणाला कळलं नसतं, हेही मनात येऊन गेलं. मग गटाला मेल लिहिली की निकाल मागे घेतेय. लगेच पाठवलीही.

आबा गरम गुळाचा खडा घेऊन आले. "झालं का काम?"

"नाही आबा. जे शोधायचं, तेच मी फेकत होते."

त्यांनी कुणाकुणाला सांगितलं होतं, ते दोघांनाही आठवत असावं.

"मंग सोमवारी काय दावनार त्या लोकांना?"

"मळी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि गूळ माझ्या हातावर ठेवला.