कॉफीसोबतची गोळी

“हिमोग्लोबिन अजून सातच आहे. ऑपरेशन आत्ता करता येणार नाही.”

परभणीच्या डॉक्टरबाईंनी दुसरा रिपोर्ट बघून असं सांगितलं. मला फायब्रॉइड होता, म्हणजे गर्भाशयात गाठ. पाळीत रक्त फार जायचं, त्यातून ॲनिमिया झाला, म्हणजे अंगातलं रक्त कमी झालं. आमच्या गावात, झरीत, घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जाताना मी दोनदा टेकायची. गाठ काढायची तर आधी हिमोग्लोबिन दहापर्यंत यायला हवं होतं. दोन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ते जागचं हललं नव्हतं.

“गोळी रोज घेता ना?” बाईंनी विचारलं.

माझ्याआधी आमचे हेच बोलले, तेही छाती फुगवून. “म्या सोता देतो, म्याडम. रोज सकाळी, कॉफीसंगं. एक दिवस चुकलो न्हाई.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “चहा-कॉफीसोबत घेतली की गोळीतलं लोह अंगात नीट शोषलं जात नाही.”

यांचा चेहरा मला बघवेना. हे तरुणपणी हैदराबादला कामाला होते, तिथून कॉफीचं वेड घेऊन आले. सगळी झरी चहा पिते, म्हणून शेजारणी मला ‘कॉफीवाली’ म्हणतात. घरात मीठ कुठं असतं ते यांना ठाऊक नाही, पण सकाळची कॉफी पंचवीस वर्षं हेच करतात. मी आजारी पडल्यापासून बशीत गोळी ठेवून कप हातात द्यायचे. मला त्याचं केवढं कौतुक होतं!

“म्याच घोळ केला की गं,” परतताना एसटीत म्हणाले. राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण झरी येईपर्यंत तो उतरला.

गोळी आणि कॉफीत दोन तासांचं अंतर ठेवलं तरी चालेल, असं बाई म्हणाल्या होत्या. मी मात्र सकाळची कॉफी सोडूनच दिली, कारण कप समोर आला की मी थांबणारी नव्हे. तीन दिवस डोकं ठणकलं. भांडी आदळून झाली. हे बिचारे गोळीसोबत लिंबू पिळलेलं पाणी द्यायला लागले. लोह शोषायला लिंबाची मदत होते, हेही बाईंनीच सांगितलं होतं. जेवणात पालेभाजी, डाळ, शेंगदाणे वाढवले. शौचाला काळं झालं तेव्हा मी घाबरले, पण ते गोळीमुळे होतं. तुम्ही घाबरू नका.

दीड महिन्यानं नऊ आलं, मग दहाच्या वर. लॅबच्या बाकावर कागद धरून आम्ही दोघं हसत बसलो. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

घरी सोडताना सिस्टरनं पुन्हा गोळ्या दिल्या. “सिस्टर, ह्या कशासंगं द्यायच्या? जेवायच्या आदी का मागून? दुधासंगं चालंल का?” यांचे प्रश्न संपेनात. मी हसले तसे टाके दुखले आणि मग रडूच आलं, सुटल्याचं. तुमचंही रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांना हे प्रश्न आधी विचारा.

आता दुपारी एक कप चालतो. कॉफी हेच करतात, पण हातात देण्याआधी गोळीला दोन तास झाले का, ते घड्याळात बघतात.

“आजून पाच मिंटं हायेत,” म्हणतात आणि कप धरून उभे राहतात. मी थांबते.