कुंपणाची फांदी

कुंपणाची फांदी मी बाजूला केली. कशासाठी? तर फोटोच्या कोपऱ्यात ती घाण दिसत होती.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकती निवृत्त झालेली, गळ्यात नवा कॅमेरा, डोक्यात हवा. रंगीत फोटो म्हणजे लग्नाच्या अल्बमचं काम. आपण काढणार ते काळे-पांढरेच, तेही डोंगर, रान, आभाळ. कुठं जायचं ते ठरवायचं नाही, स्कूटी नेईल तिथं. एवढा तोरा मिरवायला आधी एखादा बरा फोटो निघावा लागतो, हे बाईसाहेबांना कोण सांगणार!

त्या दिवशी वेरूळच्या अलीकडं थांबले. मका काढलेल्या रानात मालकानं लेंडीखतासाठी फिरत्या धनगरांची मेंढरं मुक्कामाला बसवली होती. मोठी मेंढरं चरायला गेलेली, कोकरं तेवढी बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात कोंडलेली. राखणारी बाई पाण्याला गेली होती. मी फांदी ओढली आणि डोंगरावरून सरकणाऱ्या ढगाच्या सावलीवर कॅमेरा रोखून बसले. बाजूला पाहिलं तर कुंपण रिकामं, कोकरं शेजारच्या कोवळ्या हरभऱ्यात.

बाई घागर टाकून धावली. आणि मी तिला काय म्हणावं? “मावशी, जरा डावीकडून पळा, फोटोत येताय!”

हरभराही त्याच मालकाचा. तो मोटारसायकलवरून आला तो शिव्या देतच. “उचला बिऱ्हाड! आत्ताच्या आत्ता!”

“दादा, काटं नीट लावलं व्हतं मी. लेकराची आन.”

“मग कोकरांनी उघडलं व्हय?”

मी लेन्स पुसत उभी. चांगली घासून पुसली. मग एकदाचं तोंडातून निघालं, “फांदी मी काढली.”

त्याचा चेहराच बदलला. “असू द्या मॅडम, तुम्हाला काय ठाऊक. चला, वस्तीवर चहा घ्या.” आणि तिच्याकडं वळून, “तू उचल गं.”

मी गेले चहाला. दुसरा कपही घेतला.

परतले तेव्हा ती घोड्यावर भांडी-गोधड्या बांधत होती. “मी त्यांना परत सांगून बघते,” म्हणत मी डोळ्यांना पदर लावला. तिनं गाठ आवळली आणि म्हणाली, “तुझं सांगून झालं. त्यानं चा तुला पाजला अन् वाट मला दावली. हितं रडू नको. तुला रडायला येळ हाय. मला दिस बुडायच्या आत रान हुडकायचंय.”