मातीवरचं शिसं

तर पाहुणे खजूर खात बसलेत, नाझ्मियेबाई तबकातून चहा फिरवतायत, आणि सेफेर उस्ताद पांढरी टोपी घालून मधोमध बसलाय, लोण्यासारखा मऊ. हजहून परतून तिसरा दिवस. तुर्कस्तानातल्या एडिर्नेच्या कुंभारआळीत सगळे धरूनच चालले होते की हा माणूस आता रागावणार नाही. खुद्द सेफेरनंही तसंच धरलं होतं. अराफातच्या मैदानावर त्यानं देवाकडे एकच मागितलं होतं, हा माझा राग तेवढा काढून घे. परतीच्या वाटेवर बसचं टायर चार वेळा फुटलं, तरी तो ड्रायव्हरला एक शब्द बोलला नाही. म्हणजे मागणं पोचलं होतं, असं त्याला वाटत होतं.

मग आळीतल्या मशिदीचे इमाम हलीम होजा चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले, "हाजी, घुमट बघितलास का? तुझ्या जावयानं कमाल केली. आरशासारखा झालाय!"

"आरशासारखा?" सेफेर म्हणाला.

"अगदी गुळगुळीत. हात फिरवावासा वाटतो."

सेफेरनं खजुराची बी तोंडातून काढली, रकाबीच्या कडेला ठेवली आणि उठला. चपला तशाच पायात. नाझ्मियेबाई मागून ओरडल्या, "अहो, कोट तरी घाला!" पण तो तोवर गल्लीच्या टोकाला पोचला होता.

मशीद लहानशी, एकाच घुमटाची. सेफेरच्या बापानं तिच्यावर शिसं बसवलं होतं आणि पन्नास वर्षांनी ते उतरवून, वितळवून, पुन्हा ओतून बसवायचं काम सेफेरकडे आलं होतं. सगळे पत्रे त्यानं स्वतः ओतले, अंगणात ओल्या वाळूच्या लांब पाटावर, आणि प्रत्येक पत्र्याच्या कडेला बापाचा लोखंडी शिक्का उमटवला. तेवढ्यात हजच्या यादीत नाव लागलं. नऊ वर्षं वाट बघितलेलं नाव. पत्रे तयार, माती तयार, जावई राईफ चाळिशीचा, हाताखाली अठरा वर्षं तयार झालेला. सेफेर निर्धास्तपणे बसमध्ये चढला.

आता अंगणात उभा राहून त्यानं मान वर केली, आणि त्याला दरदरून घाम फुटला. नोव्हेंबर संपत आलेला, तुंजा नदीवरून बोचरं वारं येतंय, आणि याला घाम.

कारण शिसं नागव्या विटांवर बसत नाही. विटांच्या घुमटावर आधी चार बोटं जाड माती लागते, नदीची लाल माती, गव्हाचं बारीक काड घालून पायांनी तुडवलेली, तीन आठवडे ओल्या गोणपाटाखाली मुरवलेली. तिच्यावर शिसं अंथरायचं. मग ते झोपलेल्या माणसाच्या अंगावरच्या रजईसारखं दिसतं, कुठे जरा फुगलेलं, कुठे जरा दबलेलं. उन्हाळ्यात शिसं पसरतं, थंडीत आखडतं, आणि माती त्याला हलू देते. समोरचा घुमट सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा होता.

सेफेरनं चपला काढल्या आणि मागच्या शिडीवरून वर चढला. शिशावर तो कधी पायताण घालून चढला नव्हता आणि दुसऱ्यालाही चढू देत नव्हता. एकदा एक बडा पाहुणा खिळ्यांचे बूट घालून मोठ्या मशिदीच्या छतावर आला, तर सेफेरनं त्याला आदरानं खाली बसवलं, दोन्ही बूट स्वतःच्या हातानं काढले आणि सरळ खाली हौदात फेकले. पाहुणा मोज्यांवर मोटारीपर्यंत चालत गेला. असा हा माणूस.

वर पोचल्यावर त्यानं बोटाच्या पेरानं पत्रा ठोकला. मातीवरच्या शिशाचा आवाज येतो थप्, धष्टपुष्ट बैलाच्या पाठीवर थाप मारावी तसा. इथं आला टक्. पुढं सरकून ठोकलं. टक्. पलीकडच्या बाजूला जाऊन ठोकलं. टक्, टक्, टक्.

सिमेंट.

आणि प्रत्येक पत्र्याच्या कडेला बापाचा शिक्का.

राग परत आला, आणि दोन महिन्यांचं व्याज घेऊन आला.

राईफ नदीकाठच्या कारखान्यात होता, भट्टीची राख काढत. सासरा दारात अनवाणी उभा बघितला आणि त्यानं फावडं आधीच खाली ठेवलं.

"या जावईबापू, इकडे या," सेफेर म्हणाला. "माझी माती कुठाय?"

"बाबा, बसा आधी."

"माझी माती कुठाय? मी तीन आठवडे तुडवली होती. हे पाय बघ, अजून भेगा आहेत. कुठाय ती?"

"पावसात गेली."

"झाकली नव्हतीस?"

"झाकली होती! चार दिवस थांबला नाही पाऊस. अंगणात गुडघाभर पाणी. गोणपाटाखालची माती वाहून नदीला मिळाली. नवी तुडवून मुरवायची म्हणजे पुन्हा तीन आठवडे, तोवर बर्फ. मुहित्तीनसाहेब म्हणाले..."

"मुहित्तीनसाहेब म्हणाले!" सेफेरनं भिंतीवरची लाकडी मोगरी उचलली आणि भट्टीवर आपटली. "मुहित्तीन कोण? कंत्राटदार! उद्या त्यानं साबण आणला तर साबणावर बसवशील? अरे, सिमेंटच्या पोटात आग असते, कळीच्या चुन्यासारखी. वरून थेंब गळत नाही, पण आतून ओल धरते, आणि ती ओल घेऊन ते शिशाला खालून खातं. पीठ होतं त्याचं, पांढरं पीठ! हे तुला मी शिकवलं नाही का?"

"शिकवलंत."

"मग?"

राईफ इतका वेळ खाली बघत होता. आता त्यानं मान वर केली. "मग काय, बाबा? घुमट उघडा होता. पाणी विटांतून आत झिरपत होतं, होजा खाली पराती मांडून बसले होते. आतली नक्षी पोपडे धरून पडायला लागली. मी कुणाला विचारणार? तुम्ही देवाच्या घरी गेला होता, आणि इथं देवाचं घर उघडं पडलं होतं."

  आपण अर्ध्या कामावरून उठून गेलो, हे सेफेरला अंगणात मान वर केली तेव्हाच कळलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. त्यानं मोगरी हळूच भिंतीला टेकवली.

"ताडपत्री घालायची होतीस," तो म्हणाला, पण आवाजात आता दम नव्हता.

"होती," राईफ म्हणाला. "सुचलं नाही."

घरी आल्यावर सेफेरनं जेवणाचं ताट दूर सारलं. नाझ्मियेबाईंनी ताटातली मिरची स्वतःच्या पानात घेतली आणि म्हणाल्या, "राग देवाला देऊन आलात ना? की नुसता ठेवायला दिला होता?"

"नाझ्मिये, त्या घुमटाला सात-आठ वर्षांत भोकं पडतील. विटा भिजतील. मग एखाद्या हिवाळ्यात गोठून फुटतील. आणि पत्रा उचलून बघणारा काय वाचेल? आपल्या आबांचा शिक्का. सेफेरच्या बापानं बसवलेलं सेफेरनं कुजवलं."

"मग सांगा कुणाला तरी."

"कुणाला? गळत नाही ना! गळत नाही तोवर सगळे शहाणे."

आणि तसंच झालं. तो मशिदींचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीत गेला, तिथले म्हणाले, गळतंय का? आळीतल्या वडीलधाऱ्यांना भेटला, ते म्हणाले, उस्ताद, एवढा सुंदर घुमट आयुष्यात बघितला नाही. चहाच्या दुकानात तर एकजण म्हणाला, "जावयाचं कौतुक झालं ते म्हाताऱ्याला सोसवत नाही." सेफेरनं चहाचा पेला न पिता उलटा ठेवला आणि बाहेर पडला. त्या दिवसापासून चहावाला त्याला बघितलं की उगाच पेले पुसायला घ्यायचा.

गुरुवारी खुद्द मुहित्तीनसाहेब घरी आला. गळ्यात रेशमी मफलर, हातात मिठाईचा खोका.

"हाजीबाबा, हज कबूल होवो. ऐकतो, तुम्ही नाराज आहात. एकच सांगा, गळतंय का?"

"अजून नाही."

"मग! तुमच्या पद्धतीनं गेलो असतो तर अजून पायानं चिखल तुडवत बसलो असतो. माणूस चंद्रावर जाऊन आला, हाजीबाबा."

"चंद्रावर पाऊस पडत नाही," सेफेर म्हणाला. "तिथं लाव तुझं सिमेंट."

मुहित्तीनसाहेब हसला, कारण अशा लोकांना हसता येतं. "उद्या शुक्रवार. मुफ्तीसाहेब येतायत, मशीद पुन्हा उघडायची आहे. दाराशी संगमरवरी पाटी लावतोय, तुमच्या नावाची. 'उस्ताद हाजी सेफेर यांचे काम.' सोनेरी अक्षरं. झालं समाधान?"

 सेफेरनं मिठाईचा खोका उचलला, पाहुण्याच्या हातात परत दिला, दार उघडलं आणि थंडगार आवाजात म्हणाला, "पाटी काढ. आमच्या घराचं नाव वर आधीच आहे, एकशे चाळीस ठिकाणी. ते कसं काढायचं, त्याच्या विचारात मी आहे."

शुक्रवारी उजाडताच तो शिडी चढला. कमरेला दोर, हातात मोगरी आणि मुरड उघडायची लाकडी पाचर. शिशाच्या दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींत दुमडून मुरड घालतात, आणि ती घालण्यापेक्षा न फाडता उघडायला जास्त वेळ लागतो. वय चौसष्ट, बोटं गारठलेली, पहिली मुरड काही उघडेना. तो तिला शिव्या देत होता, स्वतःला देत होता, पावसाला देत होता. तेवढ्यात मागून शिडी करकरली.

राईफ. अनवाणी. तो घुमटाला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला गेला आणि तिथून म्हणाला, "बाबा, इकडून. शेवटची मुरड मी इथं घातली होती."

दोघांनी मिळून पत्रा उचलला आणि उलटा केला. खालच्या बाजूला पांढरी बुरशी आल्यासारखा थर, बोट लावलं की पीठ. ते नखानं खरवडलं तर खाली शिशाला देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे. अजून दोन महिनेही झाले नव्हते. राईफ बघतच राहिला. सेफेरनं एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला काही सुनावलं नाही.

खाली अंगण भरायला लागलं होतं. मुहित्तीनसाहेब धावत आला, वर बघून ओरडला, "उतरा! हे सरकारी काम आहे, पोलिसांना बोलावतो!" सेफेर खरंच उतरला, पत्रा घेऊन. सरळ त्याच्यापुढं गेला, बोटं पत्र्याच्या खालच्या अंगावरून फिरवली आणि त्याच्या काळ्या कोटावर छातीपासून पोटापर्यंत पांढरी रेघ ओढली.

"धूळ आहे ही!" मुहित्तीनसाहेब किंचाळला. "नुसती सिमेंटची धूळ!"

"झटक मग."

त्यानं झटकली. रेघ फिकी झाली, गेली नाही. कुणीतरी मागून फिसकन हसलं. पण तेवढंच. लोक मुफ्तीसाहेबांच्या मोटारीच्या वाटेकडे बघत होते, घुमटावर एक पत्रा कमी दिसत होता तिकडे बघत होते, आणि सेफेर पुन्हा शिडीकडे निघाला होता.

पुढं काय झालं ते सगळ्या आळीला माहीत आहे. तो घुमट अख्खा हिवाळा ताडपत्रीखाली राहिला, सिमेंट छिन्नीनं फोडून काढलं, कुजलेलं शिसं वितळवून पुन्हा ओतलं आणि एप्रिलच्या शेवटी मातीवर बसवलं, आणि ते तिथं अजून आहे, जरा फुगलेलं, जरा दबलेलं. पण त्या सकाळी हे काहीच ठरलेलं नव्हतं. त्या सकाळी एक म्हातारा शिडीच्या चौथ्या पायरीवर होता, सगळं अंगण त्याच्या विरुद्ध होतं आणि हलीम होजा, जिवाचा दोस्त, त्याच्या सदऱ्याचं टोक धरून उभे होते.

"सेफेर, ऐक माझं," होजा म्हणाले. "भोक पडेल तेव्हा पडेल. सात वर्षांनी, दहा वर्षांनी. तोवर तू आणि मी कुठं असू कुणाला ठाऊक. आज शुक्रवार आहे. एवढी माणसं आलीयत. त्यांना या घुमटाखाली नमाज पढू दे ना बाबा."

सेफेरनं सदरा सोडवून घेतला, वर दुसरा पत्रा सोडवून, त्याला बांधलेल्या दोराचं टोक धरून बसलेल्या राईफकडे एकदा बघितलं, आणि म्हणाला, "पढा की, होजा! मी कुठं नको म्हणतोय? अंगणात पढा. थंडी वाजली तर मुहित्तीनसाहेबांकडे सिमेंटची रिकामी पोती पडली असतील, ती पांघरा. पण या घुमटाखाली नाही. हा घुमट झालेला नाही, मी सांगतो ना, झालेला नाही! आणि बाजूला व्हा आता, तुमच्या डोक्यावर पत्रा येतोय. राईफ, सोड दोर!"