आपा आणि स्नायूंचे पाल

आपा माणसांचे चेहरे विसरत. चाल मात्र कधीच विसरत नसत. शहागंजच्या गर्दीत त्या मध्येच थांबत आणि एखाद्या पाठमोऱ्या, अनोळखी मुलाकडे पाहून पुटपुटत, “पोटऱ्या बघ ह्याच्या.” मी संकोचाने दुसरीकडे पाहत असे. त्या स्नायूंच्या आनुवंशिक आजारांच्या डॉक्टर, मूळच्या खुलताबादच्या; फुगलेल्या पोटऱ्या ही त्यांतल्या काही आजारांची खूण. मी चाळिशी उलटल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेत शिकायला आलेली.

दुष्काळाची वर्षे होती. शहर चारी दिशांना पसरत होते आणि नळ कोरडे होते. स्नायूंचे नमुने तपासायची भांडी धुण्यासाठी आपा घरून पाण्याचा कॅन आणत. “आधी स्नायू, मग माझा चहा,” असे म्हणून खळखळून हसत.

नुसता अहवाल हाती देणे त्यांना पटत नसे; त्या सगळ्या घराला बोलावून घेत. मेंढ्या विकून बजाजनगरला मजुरीसाठी आलेले एक कुटुंब असेच आले. मुलाला उठताना गुडघ्यांवर हात रोवावे लागत. हा आजार आईकडूनच येतो, असे कुणीतरी सांगितल्यामुळे सासूने सुनेला कायमचे माहेरी धाडायचे ठरवले होते. सून मान खाली घालून बसली होती.

आपांनी मेंढपाळांच्या पालापासून सुरुवात केली. स्नायूच्या प्रत्येक धाग्याभोवती पातळ पडदा असतो आणि काही प्रथिने त्याला पालाच्या दोऱ्यांसारखी धरून ठेवतात. एक दोरी नसली, तरी हालचालीगणिक पडदा फाटत जातो. केवळ आईकडून येणाऱ्या आजारात जी दोरी नसते, ती या मुलात शाबूत होती. नव्हती ती दुसरी. आणि तिचा दोष आई व वडील या दोघांकडूनही यावा लागतो.

“माझ्या लेकाकडं कुठून येईल?” सासू म्हणाली. “हिच्या माहेरचं हाय हे.”

“हिचं माहेर कुठलं?”

“माझ्या भावाचं घर.”

“म्हणजे तुमचंच माहेर ना, अम्मा?” आपा हळूच म्हणाल्या. “आमच्यातबी हेच चालतं. मलाबी मामाच्याच घरी दिलं. घरातलं घरात फिरतंय. कुणाला कुठं धाडता?”

पदर तोंडाला लावून सासूच आधी हसली. “माझीच अक्कल पेंड खाया गेली व्हती,” असे म्हणत तिने सुनेला हात देऊन उठवले.

आजार बरा करणारे औषध आपांजवळ नव्हते. व्यायाम होते आणि ते करून घेण्याचा दांडगा उत्साह होता.

काही वर्षांनी आपा निवृत्त झाल्या, त्या दिवशी ते सगळे कुटुंब आले. मुलगा चाकांच्या खुर्चीतून रुबाबात पेढे वाटत फिरला. आपांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी कोण कोण आलंय, असे विचारले. सासूने सुनेला दंड धरून पुढे आणले.

“ही माझी भाची,” ती म्हणाली.