लाभ, दोन, तीन

फिजिक्सचं नाव निघालं की आजही माझी कंबर दुखते. कॉलेज उघडायचं जुलैत, आणि आमच्याकडे रोवणाही तेव्हाच. पहाटेपासून बांधीच्या चिखलात वाकून धानाची रोपं लावायची, मग पाय धुऊन कारध्याच्या पुलावरून भंडाऱ्याला पायी जायचं आणि मागच्या बाकावर बसून डोळे उघडे ठेवायचे. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मॅट्रिकपर्यंत सगळं मराठीत शिकलेली मी. इथे सर इंग्रजीत बोलायचे आणि फळा भरायचा. रोवणा संपून अंगात जीव येईपर्यंत वर्गात तीन धडे पुढे गेलेले असायचे.

डॉक्टर व्हायचं तर फिजिक्स कशाला, हे मला कुणी कधी पटवून दिलं नाही. आमच्या गटातली सगळी मुलं डॉक्टरकी नाहीतर फार्मसीकडे डोळे लावून बसलेली. बेडूक फाडायला तयार, पण फिजिक्स म्हटलं की सगळ्यांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे.

माझ्या आधी दादा याच कॉलेजात, याच गटात होता. डॉक्टर व्हायचं आधी त्याच्या मनात होतं, माझ्या नव्हे. तो फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाला आणि बाबांनी त्याच्या हाती नांगर दिला. काय चुकलं विचारलं की म्हणायचा, "जाऊ दे. माझ्या डोस्क्यात भुसाच हाय." पुढे गावही तसंच म्हणायला लागलं. मला कॉलेजात घालावं म्हणून मात्र बाबांशी भांडला तोच. बाबांनी हो म्हटलं, पण एका अटीवर. "यंदा नापास झाली त कॉलेज बंद. मंग सोयरीक पाहू."

थोडक्यात, माझं सगळं त्या प्रॅक्टिकलवर अडलं होतं, आणि मी अडले होते लंबकावर. दोऱ्याला पितळी गोळा बांधायचा, झुलवायचा, वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. तो सेंटिमीटरमध्ये नऊशे ऐंशीच्या जवळपास यायला हवा. माझा यायचा हजार ऐंशी. दोरा बदला, गोळा बदला, घड्याळ बदला, हजार ऐंशीच! बाकीची मुलं हुशार. ती आधी नऊशे ऐंशी लिहायची आणि उलटं गणित करून वेळ बसवायची. दादाने मला बजावलं होतं, "जे येईन तेच लिही. परीक्षक डोक्यावर उभा राह्यते, पुन्हा करून दाखव म्हणते." मी आपली जे येईल ते लिहीत होते आणि दर आठवड्याला लाल फुली घेऊन घरी येत होते. परीक्षा जवळ आली तशी मला त्या गोळ्याची शिसारी यायला लागली. कधी कधी वाटे, एकदाची सोयरीक ठरवा, पण हे आवरा.

एके दिवशी सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. दिघोरीकडच्या शेतकरी घरातले होते ते. वर्गात इंग्रजी, रागावले की गावची बोली. मी गोळा सोडला, घड्याळ सुरू केलं आणि मोजायला लागले.

"थांब. काय म्हणून रायली तू?"

"लाभ, सर."

मागची मुलं हसली. आमच्या घरी धान मोजताना पहिल्या मापाला, म्हणजे कुडोला, कधी एक म्हणत नाहीत. एक म्हटलं तर रास तेवढ्यावरच थांबते म्हणे. लाभ, दोन, तीन, असे वीस कुडो झाले की एक खंडी. लहानपणापासून वीसपर्यंत मोजायचं म्हटलं की माझं तोंड लाभपासूनच सुरू व्हायचं.

सर हसले नाहीत. "घरी लाभ केव्हा म्हणता? कुडो ओतल्यावर का ओतायच्या आधी?"

"ओतल्यावर."

"मंग इथं कायले आधीच म्हणतं? गोळा आताच सुटला. एकही झोका झाला नाही अन् तुझा लाभ होऊन गेला. तू वीस म्हणतं तवा झोके एकोणीसच होतेत."

मी पुन्हा गोळा सोडला. या वेळी पहिला झोका पुरा होऊ दिला आणि मग लाभ म्हटलं. गणित केलं, तर नऊशे अठ्ठ्याहत्तर. मला रडू आलं. आनंदाचं नव्हतं ते. इतके महिने उगाच शिणले याचं होतं.

त्या दिवशी पूल कसा ओलांडला ते आठवत नाही. खळ्यावर बैल फिरवून धान चुरणं संपलं होतं. धानाची रास लागली होती, बाबा कडेला पोती धरून बसले होते आणि दादा मोजायला बसत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. लाभ, झोका, एकोणीस, सगळं. सांगता सांगता हसत होते. दादा भरलेला कुडो हातात धरून ऐकत होता.

"तुझं किती येत होतं?" त्याने विचारलं.

"हजार ऐंशी."

"माझं हजार नव्वद येत होतं." त्याने कुडोवरचं धान हाताने सपाट केलं. "परीक्षकानं तीनदा करायले लावलं. तीनदा तेच आलं. मले कोनी सांगितलंच नाही ना, बाई."

माझं हसणं तोंडातच राहिलं. बाबांना यातलं काही कळलं नव्हतं, ते पोतं पसरून म्हणाले, "काहून थांबला रे? मोज ना!"

दादाने कुडो पोत्यात ओतला.

"एक," तो म्हणाला.

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आमच्या खळ्यावर तो आकडा तोवर कुणी उच्चारला नव्हता.