एकाच बाजूचं ऊन

शिरगावच्या मच्छीमार घरातला कमलाकांत तारापूरच्या कारखान्यांचा माल ट्रकने वाहतो. खिडकीतलं ऊन खाऊन त्याच्या उजव्या गालावर जखम झाली आहे. डॉक्टर म्हणाले, ऊन टाळ. त्याने खिडकीला जुनं जाळं दुहेरी बांधलं. चिल्हार रस्त्यावर हवालदाराने ते ओढून काढलं.

“बाजूचा आरसा झाकतोस? ऊन अडवणारी, नियमातली काच बसव.”

कमलाकांत तडक ट्रकच्या मालकाकडे गेला. एसीत बसलेला मालक हसला, “क्रीम लाव, हिरो.”

“सुकत घातलेली मासली पन आमी उलटतो, शेठ. माजी एकच बाजू भाजतेय!” कमलाकांतने किल्ली टेबलावर आपटली. “काच बसव, तवाच गाडी हालंल.”

भरलेला ट्रक मालकाच्या फाटकात आडवा उभा होता.