प्रमिलाच्या पडद्याची खळ

प्रमिला गेल्याचा फोन आला तेव्हा मी पवनीच्या कार्यालयात पुढच्या आठवड्यातल्या अंगणवाडी भेटींची यादी करत होते. फोनवर तिचे मिस्टर होते, यशवंतभाऊजी. एवढंच म्हणाले, "सुनंदाबाई, गेली ती. चहा ठेवला, भिंतीले टेकून बसली... उठलीच नाही." मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि आसगावला निघाले. त्याला आता सात आठवडे झाले. लिहायचं टाळत होते, कारण नुसतं दुःख असतं तर लिहून मोकळी झाले असते. मला राग आला आहे. तो कुणाचा आणि कशासाठी, हे मला क्रमानं सांगायचं आहे.

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मला नोकरी लागली. ती आसगावात धानाची शेती करायची आणि जवळच्या एका बौद्ध विहारात येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाकही. तिथे जपानहून उपासक यायचे. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं तिला आपल्या घराचे फोटो दाखवले: सरकणाऱ्या लाकडी चौकटी, त्यांवर कागद ताणलेला, आणि खोलीत दुधासारखा उजेड. ते प्रमिलाच्या डोक्यात बसलं. आपल्या पावसाळ्यात कागद टिकणार नाही, हेही तिला तेव्हाच कळलं. तिनं बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या, सासूचं जुनं पांढरं लुगडं फाडलं, त्याला तांदळाच्या कणीची खळ चढवली आणि चौकटीवर ताणून बसवलं. तिचा भाऊ मस्कतला इलेक्ट्रिशियन आहे. त्यानं पाठवलेला जाळीचा पितळी दिवा तिनं त्या पडद्यामागं टांगला. भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या, जमीन शेणानं सारवलेली, बसायला तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, चटया. संध्याकाळी लुगड्यावर मस्कतची नक्षी उमटायची, आणि तरी खोली आसगावचीच वाटायची. भाऊजी चिडवायचे, "लोकायच्या घरी सोफे येऊन राहिले, आमच्या घरी जपान आला." ती चुलीपुढून न वळता म्हणायची, "पाहुणा आला तं आपल्याच ताटात जेवते ना? मंग वस्तूले काहून येगळं ताट?"

मग एक दिवस नागपूरहून एक साहेब आले. घरं सजवण्याचा त्यांचा व्यवसाय. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. दुसऱ्याचं नाव न लिहिण्यात ते माझ्यापेक्षा तरबेज आहेत. दोन तास फोटो काढले, चौकटीची मापं घेतली, प्रमिलाच्या हातचं जेवले. तळ्याकाठच्या एका हॉटेलात त्यांना असेच पडदे लावायचे होते. तिनं एकच मागणं केलं. "साहेब, करा तुम्ही. फक्त कुठं तरी माझं नाव टाका." ते म्हणाले, "टाकणारच ना ताई." खळीचं विचारलं तेव्हा मात्र ती हसली. "कणीची खळ हाये, एवढं सांगितलं. बाकीचं नाव छापून आल्यावर."

मासिक आलं. चार पानं रंगीत, हॉटेलचे पडदे, साहेबांचा हाताची घडी घातलेला फोटो, आणि खाली 'जपान आणि झाडीपट्टी यांचा संगम: माझी संकल्पना'. प्रमिलाचं नाव नव्हतंच. आसगावचंही नव्हतं. ती चारही पानं तिनं दोनदा वाचली. मी म्हटलं, आपण पत्र लिहू, मी मसुदा करते. ती म्हणाली, "राहू दे. मले पैसा नव्हता पाहिजे, सुनंदा. माझ्या पोरीले दाखवता आलं असतं का हे मी केलं..." त्यानंतर तिनं नवा पडदा केला नाही. हे मी विसरलेले नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला साहेब आले. फोटोला फूल वाहिलं, आणि वंदना संपते न संपते तोच मला अंगणात बाजूला घेतलं. "मॅडम, त्या खळीचं त्यांनी काही लिहून ठेवलंय का? आमच्याकडचे सगळे पडदे किडीनं खाल्ले हो."

"तिचं नाव टाकायचं होतं तुम्ही."

"ते राहूनच गेलं."

"मग खळही राहूनच गेली," मी म्हटलं, आणि त्यांना चहा दिला. तोही बिनसाखरेचा.

खरं म्हणजे कृती माझ्या वहीत आहे. मी सगळंच लिहून ठेवते, हे प्रमिलाला माहीत होतं, म्हणूनच तिनं मला सांगितली होती. भाऊजी म्हणाले, "देऊ नका त्याले. खाऊ दे किडीले." मलाही तेच गोड वाटत होतं. पण वही माझ्याबरोबर संपेल, आणि मग पडदा साहेबांचा आणि खळ कुणाचीच नाही, असं होईल. म्हणून ती इथे देते, हजारो वाचकांसमोर. कणी साध्या पाण्यात शिजवायची नाही, कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्यात शिजवायची. उतरवल्यावर वेखंडाची वस्त्रगाळ पूड मूठभर घालायची. एक हात द्यायचा, सावलीत वाळू द्यायचा, मग दुसरा. ही प्रमिलाची खळ. साहेब, तुम्हीही वापरा. मात्र यापुढे तुमच्या पडद्याला जो हात लावील, त्याला ही खळ कुणाची हे ठाऊक असेल. हा अंक निघाला की एक प्रत तुम्हाला आणि एक त्या हॉटेलच्या मालकाला रजिस्टर पोस्टानं येईल. पोचपावती मी जपून ठेवणार आहे.

ती खोली अजून तशीच आहे. अंधार पडला की भाऊजी पितळी दिवा लावतात आणि पडद्याची चौकट त्यापुढे सरकवतात. हल्ली गावात पाहुणे आले की मुद्दाम बघायला येतात. कुणी मोबाइल वर केला की भाऊजी दारात आडवे उभे राहतात. "फोटो मंग. पहिले सांगा, हे कोणं बनवलं?" समोरच्यानं तिचं नाव घेतल्याशिवाय ते बाजूला होत नाहीत.